फ्लास्कमध्ये उरलेली

त्या वर्षांत मी मुंबईत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जनुकांच्या संशोधनावर काम करत होते. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि माणूस दुखण्यानं तळमळत पडतो. हाच आजार एकाला जेमतेम छळतो आणि दुसऱ्याला मारतो, ते का, हे आम्ही शोधत होतो. माझं काम संगणकावरचं. पण वडील मूळचे जामसरचे, जव्हारला शिक्षक. गावची बोली मला समजते म्हणून रक्ताचे नमुने घ्यायला आमचे मार्गदर्शक सर मलाही न्यायचे.

जामसरला एका मुलीनं रक्त दिलं. नुकतंच लग्न ठरलेलं. सुई टोचताना ती हसली. म्हणाली, "यां काय दुखणां? माझी हाडां दुखतात तवा बघाया ये."

तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आम्ही वाढवल्या. एका विषाणूच्या मदतीनं त्या वाढतच राहतात, म्हणजे माणसाकडे पुन्हा रक्त मागायला नको. फ्लास्कमध्ये गुलाबी पाणी आणि तळाशी नागलीच्या पिठासारखे बारीक पुंजके. उजेडात धरले की नुसत्या डोळ्यांनी दिसायचे.

पुढच्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना मी पुन्हा गेले. तिची आई खळ्यावर होती. मुलगी वांगणीकडच्या एका पाड्यावर दिलेली. पोटुशी असताना दुखणं उठलं, जीप घरापर्यंत येईना, झोळीतून नेताना वाटेतच गेली. आईनं हे झोडता झोडता सांगितलं. मग हात थांबवून विचारलं, "तिचां रगत तुमच्याकडं होतां. तां कठं हाय?"

संपलं, असं म्हणता आलं असतं. मी खरं ते सांगितलं. थोडं अजून जिवंत आहे, वाढतंय.

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. "मंग तिला खाया काय देतां?"

"साखर, मीठ... पाण्यातूनच," मी म्हणाले. त्या पाण्यात वासराच्या रक्ताचाही अंश असतो, ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.

थंडी सरत आली तेव्हा तिची आई मजुरीला ठाण्याला आली होती. एका दुपारी विचारत विचारत विद्यापीठाच्या फाटकाशी पोचली. हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"तिला नागलीची आवडं."

"मावशी, तिथं आत नाही ठेवता येत."

"मंग तू खा."

मी फाटकाजवळच्या स्टुलावर बसून ती कोरडी भाकर खाल्ली. ती माझा घास न् घास बघत होती.

नंतर मी तिला आत, त्या पेशी लावलेल्या सूक्ष्मदर्शकाशी नेलं. बराच वेळ डोळा लावून ती उभी राहिली.

"दुखत नाय ना तिला?"

"नाही, मावशी."

"तू सांगून गेलीस तवापासून ती दारात उभी रव्हं. आत ये सांगतां, तर येत नाय. अर्धी तिकडं, अर्धी हिकडं." तिनं माझा दंड धरला. "सोड तिला."

सर मागेच उभे होते. असा नमुना पुन्हा मिळणार नाही, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी मला तिला विचारायला लावलं, नक्की ना? तिनं मान हलवली. "बंद करा," सर म्हणाले. गोठवून ठेवलेल्या कुप्याही त्यांनी बाहेर काढायला लावल्या.

पेशी मारायचं औषध मी कितीतरी फ्लास्कमध्ये ओतलं होतं. त्या दिवशी झाकण फिरवून तिच्या फ्लास्कमध्ये ओतलं. गुलाबी रंग बघता बघता उडाला, साधं पाणी उरलं. ते सिंकमध्ये ओतलं.

"यां पाणी कठं जातां?"

"खाडीत. पुढं समुद्रात."

तिनं स्वतःच नळ मोठा केला आणि पाणी वाहू दिलं.

पेशी गेल्या तरी त्यांच्या जनुकांची अक्षरं संगणकात लिहिलेली आहेत, तिचं नाव नाही, हेही मी तिला सांगितलं.

"त्यात तिचां दुखणां हाय?"

"हो. एका जागी एक अक्षर बदललंय. बाकी सगळं तुमच्या-आमच्यासारखंच."

"येवढ्यानं?" ती म्हणाली.

अक्षरं राहू दे म्हणाली आणि गेली.

पेशींना ऊब देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये तिच्या फळीवर दुसरे फ्लास्क आले. इन्क्युबेटर उघडताना दारात कुणी उभं आहे असं वाटून मी कितीदा तरी मागे वळले. तिच्या वाटची भाकर मी खाल्ली होती, हे मनातून जात नव्हतं. सरांना हे कधी सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला जामसरला गेले तेव्हा तिच्या आईला हळूच विचारलं, "आता दिसते का?"

"नाय." ती उंबऱ्यावर टेकली. पदरानं तोंड पुसलं. "आता येतच नाय गं. हाक मारली तरी नाय."

आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. अंगणात कोंबड्या सांडलेलं भात टिपत होत्या.