वीस अंशांवरचे मामा

जगातल्या सगळ्या भीती फिरून फिरून दमल्या की मुक्कामाला ग्वेल्फला, आमच्या मामेसासऱ्यांच्या घरी येतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा मूळचे नागपूरचे. ऐन तारुण्यात कॅनडात आले आणि खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. म्हणजे घाबरणं हा ज्यांचा स्वभाव, त्यांना घाबरण्याचाच पगार मिळाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; पण मामांच्या पाठी लागलेला ब्रह्मराक्षस बिचारा स्वतःच हेल्मेट घालून फिरत असणार. झाडांची पानं पिवळी पडायच्या आत त्यांच्या गाडीला विंटर टायर्स चढायचे. मायक्रोवेव्ह चालू केला की ते शेजारच्या खोलीत जाऊन उभे राहायचे. दाराला तीन कुलपं होती, आणि तिन्ही नीट लागली की नाही हे बघायला ते अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. मामी होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांना घाबरू द्या हो. यांचं घाबरून झालं की मला घाबरायला काही शिल्लकच राहत नाही." मामी गेल्या आणि त्यांच्या भीतीला हसणारं माणूस घरात उरलं नाही.

अशा माणसाने म्हातारपणी घरी बिअर करायचा छंद का लावून घ्यावा हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बरं, स्वतः पीत असते तर एक वेळ समजलो असतो. मामा स्वतः दोन चमचे घ्यायचे, घड्याळाकडे बघत बसायचे, आणि आपण जिवंत आहोत अशी खात्री पटली की मग बाटल्या वाटायला निघायचे. बाटली कधी फुटेल याचा नेम नाही म्हणून ती जाड टॉवेलात गुंडाळून द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता फोन. "जावईबापू, नीट दिसतंय ना? डोकं ताळ्यावर आहे ना?" मी आहे म्हटलं की पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू यायचा, आणि मग ते यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावायचे. बिअर मात्र खरोखर उत्तम असायची. भीतीने केलेल्या स्वयंपाकात मीठ कमीजास्त होत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

या छंदात मामांना जे काही सापडलं, ते म्हणजे घाबरायला एक नवंकोरं कारण. मॉल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा, काढा उकळायचा, निववायचा, त्यात यीस्ट घालायचं आणि पिंपाचं झाकण लावून ते बेसमेंटमध्ये ठेवून द्यायचं, इतकं साधं काम. पण ते यीस्ट मामांसारखंच भित्रं. त्याला साधारण वीस अंश लागतात. गार पडलं की झोपी जातं, फार तापलं की बिथरतं आणि बिअरला नको तो वास येतो. ग्वेल्फच्या जानेवारीत बेसमेंट चौदा अंशांच्या वर जायला तयार नसतं. पहिल्याच खेपेला मामांनी आपल्याकडे कोणीही केलं असतं तेच केलं. हिवाळ्यात दह्याचं भांडं किंवा इडलीचं पीठ जसं गुंडाळून ठेवतात, तसं ते पिंप लुगड्यांच्या गोधडीत गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि वर गाठ मारली. दही बिचारं मुकाट लागतं. यीस्टचं तसं नसतं. ते पहिले दोनतीन दिवस काम करताना स्वतःच तापतं, वर ही गोधडी. तिसऱ्या दिवशी झाकण उडालं, फेस छतापर्यंत गेला आणि मामांनी मला फोन करून सांगितलं की घरात स्फोट झालाय, येताना गाडी लांब लावा. मी पोचलो तेव्हा बेसमेंटला पिकलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा मिळून वास येत होता आणि मामा बाहेर बर्फात स्लिपर घालून उभे होते.

त्यानंतर मामांनी शास्त्र अभ्यासलं. पिंपाभोवती विजेवर तापणारा पट्टा आला. पिंपाच्या अंगाला एक सेन्सर चिकटपट्टीने बसला, तो एका थर्मोस्टॅटला जोडला; पिंप गार झालं की थर्मोस्टॅट पट्टा चालू करणार, तापलं की बंद. गोधडी आता तिसऱ्या दिवसानंतर, सुरुवातीचा जोर ओसरला की मगच. शिवाय वेगळे तीन थर्मामीटर. तिघे तीन आकडे दाखवायचे आणि मामांचा तिघांवरही विश्वास नव्हता. एकदा स्कारबरोला नातेवाइकांकडे सत्यनारायण होता आणि नेमकी वादळाची बातमी होती. वीज गेली तर पिंपाचं काय, या काळजीने मामांनी ते गोधडीत गुंडाळून, मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून सोबतच आणलं. घर पूजेचं, म्हणून त्याची सोय खालच्या वॉशरूममध्ये, टबात. मामा दर थोड्या वेळाने आत जाऊन दार लावून घेत होते. यजमानांचा नातू डोकावून आला आणि भर पोथीत त्याने आजीला विचारलं, "इज देअर अ बेबी इन द वॉशरूम?" मामांनी मान हलवून हो म्हटलं, कारण खरं सांगायची त्यांना त्याहून जास्त भीती वाटली.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण गेल्या जानेवारीपासून आमचं हसणं थांबलं आहे. त्या दिवशी सकाळी मी त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करायला गेलो. घसरून पडायच्या भीतीने मामा ते काम कधीच करत नसत. बर्फ काढून झाल्यावर बेल वाजवायला गेलो तर दार नुसतं लोटलेलं. तिन्ही कुलपं उघडी. आत शिरलो तर जळक्या सुताचा वास. मी धावत बेसमेंटमध्ये उतरलो. गोधडीची खालची घडी काळी पडून धुमसत होती आणि तिच्याखालचा पट्टा हात लावू देत नव्हता. सेन्सर पिंपाला लावलेलाच नव्हता. तो सिमेंटच्या गार फरशीवर पडला होता आणि थर्मोस्टॅटला इमानेइतबारे सांगत होता की चौदा अंश आहेत, तापव अजून. मी प्लग ओढला, गोधडी सिंकमध्ये नेऊन भिजवली. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय, हा विचार मी पूर्ण होऊ दिला नाही.

वर आलो तर मामा पेपर वाचत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की हे ऐकून त्यांना धरावं लागेल. त्यांनी पेपराचं पान उलटलं. "असं का," ते म्हणाले, "होतं हो कधीकधी. बसा, चहा टाकतो." खाली जाऊन बघावं असंही त्यांना वाटलं नाही. त्या बेसमेंटमध्ये मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी मला त्या शांत चेहऱ्याची वाटली. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती जळलेल्या गोधडीबद्दल काहीच बोलली नाही. "आणि मामा घाबरला नाही?" एवढंच तिने पुन्हापुन्हा विचारलं.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. मामांची मुलगी मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला असते, ती धावत आली. मामांनी या घरात एकटं राहायचं की नाही, हा एकच प्रश्न होता आणि तो विचारायची कोणाचीच छाती होत नव्हती. चाळीस वर्षांचं घर, मामींच्या हातचं अंगण. शेवटी जेवणाच्या टेबलावर मुलगीच म्हणाली, "पपा, तुम्ही इथे अलोन नाही राहू शकत. आय कान्ट स्लीप." मामांनी वरण संपवलं, ताट उचलून ठेवलं आणि मला खुणेने खाली बोलावलं.

बेसमेंटमध्ये पिंप धुऊन पालथं घातलेलं होतं. मामांनी तो पट्टा उचलला, दोन बोटांवर नीट गुंडाळला, वायरीची घडी केली आणि सगळं माझ्या हातात दिलं. घेऊन जा म्हणाले, इथे राहिलं तर मी पुन्हा लावीन, आणि लावलंय हे मला आठवणार नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की सेन्सर कोणाचाही निसटू शकतो. त्यांनी मान हलवली.

"सेन्सरचं नाही हो बाप्पा. त्या दिवशी तुम्ही सांगत होता, आणि मला भीतीच वाटली नाही. जावईबापू, आता मला त्याचीच भीती वाटते."

मी त्यांचा हात धरला. मुलीने वरून हाक मारली तेव्हा मामाच आधी म्हणाले, "चला, तिला सांगू की मी येतो."

आता ते ब्रॉसार्डला असतात. दर रविवारी त्यांचा फोन येतो. सुरुवातीचे महिने फार चांगले गेले. मॉन्ट्रियलला जायचा पूल हलतो म्हणायचे. दारावर फ्रेंचमध्ये ढकला लिहिलंय की ओढा हे न कळल्याने आपण कुठेतरी कायमचे अडकणार असं त्यांना वाटायचं. कोपऱ्यावरच्या डेपानरमधून, म्हणजे तिकडच्या वाणसामानाच्या दुकानातून, दूध आणायचं तर दोन रस्ते ओलांडावे लागतात, त्यात एकावर सिग्नल नाही. मुलीचा नवरा रात्री डिशवॉशर चालू ठेवून झोपतो म्हणून त्यांना झोप नव्हती. मी हे सगळं कौतुकाने ऐकायचो आणि फोन ठेवून बायकोला सांगायचो, घाबरताहेत, बरे आहेत. ती देवाला हात जोडायची. पुढे पुढे एकेका फोनमधून एकेक भीती गळत गेली. आधी पूल गेला, मग डिशवॉशर. मीच मुद्दाम आठवण करून द्यायचो की मामा, तो सिग्नल बसवला का हो, आणि ते म्हणायचे, कुठला?

गेल्या रविवारी त्यांचा आवाज फार छान होता. सकाळी एकटाच नदीवर गेलो होतो म्हणाले. नदी गोठली आहे, पांढरीशुभ्र, लोक त्यावरून चालतात. मीही थोडं आत चालून आलो, एकदम मोकळं वाटलं. मी विचारलं, "मामा, भीती नाही वाटली?"

"कशाची?" त्यांनी विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं.

इतक्या वर्षांत मी त्यांना असं निवांत कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर बिचाऱ्यांना जे मिळालं नाही ते आता मिळालं होतं, आणि ते काढून घ्यावं, त्यांना पुन्हा पूर्वीसारखं थरथरतं करावं, असं मला मनापासून वाटत होतं. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, मामा कसा आहे? मजेत आहेत, मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. मग मी पोर्चमध्ये गेलो, दार ओढून घेतलं आणि त्यांच्या मुलीला फोन लावला.