सात कडव्यांचं गाणं

"गो रे," माझा आयरिश सहकारी म्हणायचा. आयरिशमध्ये याचा अर्थ, हळू, घाई नको. 'गो' आणि 'रे' एकत्र ऐकून माझ्या मालवणी कानांना उगाच घरच्यासारखं वाटायचं. आइंडहोवनच्या आमच्या कंपनीत यंत्र अडो की साहेब तापो, हा चहाचा कप खाली ठेवून तेवढंच म्हणायचा आणि कामाला लागायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःच्या संस्कृतीबद्दल ती बोलत नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे संस्कृती खरोखर असावी अशी शंका येते. सतरा मार्चला, आयरिश लोकांच्या सणाला, गावातले डच लोक हिरव्या टोप्या घालून आयरिश होत आणि बिअर पीत. हा त्या दिवशी घराबाहेर पडत नसे.

त्याची भाषा युरोपीय संघाची अधिकृत भाषा होणार असं ठरलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं अभिनंदन केलं.

"छान झालं," चीज घातलेला पाव चावत तो म्हणाला. "आता ब्रसेल्समध्ये कुणीतरी पगार घेऊन बोलेल. माझी मुलगी मला डचमध्ये उत्तर देते."

माझा मुलगाही तेच करायचा. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मराठी टिकवण्यावर दोन पानं लिहिली होती, ती मात्र मी.

त्या वर्षी त्याची आई गेली. तिचं एक गाणं होतं, सात कडव्यांचं, वाद्याच्या साथीशिवाय म्हणायचं. ते पूर्ण येणारा आता हा एकटाच उरला होता. आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात म्हणशील का, असं मीच विचारलं. गोरा पाहुणा असला की मंडळाची शोभा वाढते, हे कारण सांगितलं नाही.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मुलीला घेऊन येतो. घरी सुरू केलं की ती उठून जाते. लोकांत बसेल. एकदा तरी तिने ते शेवटपर्यंत ऐकावं."

त्याने मला नीट समजावलंही होतं. कडव्यांच्या मध्ये तो थांबतो, घाबरायचं नाही. आणि गाताना हात पुढे केला, तर जवळच्या माणसाने तो धरायचा. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. गाणाऱ्याला आधार वाटतो.

न्यूनेनमधल्या शाळेच्या सभागृहात दीपप्रज्वलन आणि तीन भाषणं झाल्यावर तो उभा राहिला. डोळे मिटून, जवळजवळ भिंतीकडे तोंड करून गाऊ लागला. पहिल्या रांगेत त्याची मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. आधी ती नखं बघत होती. दुसऱ्या कडव्याला तिने मान वर केली.

तिसरं संपलं. तो थांबला. त्याने हात पुढे केला.

"संपलं वाटतं," अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. "घ्या उरकून. महाप्रसाद निवतोय."

"अजून चार आहेत, साहेब."

"अहो, लोकांना काय कळतंय?"

सूत्रसंचालक मी होतो. एवढ्या ओळखीच्या लोकांसमोर पुरुषाचा हात धरून उभं राहायची मला लाजही वाटत होती. मी पुढे झालो आणि त्या हातात नारळ ठेवला. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या.

त्याने डोळे उघडून नारळाकडे पाहिलं. मुलीने त्याला डचमध्ये विचारलं, "झालं?"

"झालं," तो म्हणाला.

सोमवारी मी माफी मागायला त्याच्या टेबलापाशी गेलो. त्यानेच आधी विचारलं, "तो नारळ फोडतात कसा?" मी दहा मिनिटं नारळ कसा फोडतात ते सांगितलं आणि परत आलो. त्यानंतरची दोन वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो. तो विषय त्याने काढला नाही; मी काढू दिला नाही.

एका हिवाळ्यात तो हृदयविकाराने अचानक गेला. अंत्यविधीला मुलगी पुढे आली आणि वडिलांसारखीच तोंड फिरवून गाऊ लागली. मंडळाने त्याला दिलेल्या त्या कार्यक्रमाच्या चित्रफितीवरून ती शिकली होती. पुढचं बाबांना विचारायचं राहून गेलं, असं तिने मला आधीच सांगितलं होतं.

तिसरं कडवं संपल्यावर ती थांबली. मध्ये थांबायची पद्धत ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांच्यातलंही कुणी हललं नाही. खोलीभर माणसं वाट पाहत उभी होती, आणि तिला पुढचं येत नव्हतं.