मावळतीआधीचा खेळ

१९८४ चा जानेवारी, संक्रांतीनंतरचा शनिवार. खिशात शंभर रुपये होते आणि निपाणी स्टँडवर मला पोचवायला पत्नी पद्मा आली होती. बस हलेपर्यंत ती एकच सांगत होती: बेळगावला जायचं, सुजाताचं नाव फुटबॉलमधून काढायचं आणि मगच परतायचं.

सुजाता, आमची मुलगी, बेळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचा मुलांचा फुटबॉल संघ जुना. मुलींचा त्याच वर्षी पहिल्यांदा उभा राहत होता आणि तिची त्यात निवड झाली होती. मला आनंदच होता. पण संक्रांतीला ती घरी आली ती अगदी वाळून. पद्माने खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. वसतिगृहात संध्याकाळचं जेवण पाचला तयार होई आणि मुलींना मैदान मिळे तेही पाचलाच, मुलांचं आटोपल्यावर. सराव संपेतो सूर्य गेलेला. पोरगी नेम मोडत नव्हती आणि कुणाला सांगतही नव्हती. उपाशी झोपत होती.

तवंदी घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हर पाणी ओतत होता तोवर आम्ही सगळे खाली उतरलो. दरीपलीकडे तंबाखूची शेतं दिसत होती, पानं काढणीला आलेली. संकेश्वरला उतरणाऱ्या एका म्हातारीने ओंजळभर बोरं दिली आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"लोक नाव घालायला खेटे घालत्यात," ती म्हणाली, "आणि तुम्ही काढायला चाललाय व्हय?"

पुढे संकेश्वरपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसलो.

बेळगावात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. हवा गार, कोरडी. मैदान तांबड्या मातीचं, कडेने निलगिरीची झाडं. मुलं बूट बांधत होती. मुली भिंतीजवळ आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. सुजाता उठून आली.

"आप्पा, नाव काढायला आलासा?"

"व्हय."

ती पायातला मोजा वर ओढत राहिली.

खेळाचे शिक्षक धारवाडकडचे, मराठी सावकाश बोलणारे. मी त्यांना नाव काढायचं कारण सांगितलं. पोरगी शेवटी शेवटी दमते, म्हणून तिला राखीव खेळाडूंत ठेवायचं त्यांच्या मनात होतं. वेळ बदलता येईल का, असं मी विचारलं. चारची वेळ पहिल्यापासून मुलांची, ती मोडली तर तक्रार होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आवाज मात्र ठाम नव्हता.

मुलांचा कप्तान जवळच बसला होता. संजय त्याचं नाव, गाव सदलगा. तो उठला.

"सर, आमच्या गल्लीत निम्मी घरं जैनांची. दिवस कलला की ताटं वाजत्यात. हिचं आधी का न्हाय सांगितलं कुणी? आजपासनं पोरी चारला, आम्ही पाचला."

मागून एकजण कुरकुरला, की त्यांचा सगळा खेळ अंधारात जाणार.

"तुझा बॉल उजेडात तरी गोलात कुठं जातोय?" संजय म्हणाला. सगळे हसले. कुरकुरणाराही हसला आणि त्याने हातातला चेंडू मुलींकडे ढकलला.

मी निलगिरीच्या सावलीत बसलो. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. पण घरी ज्या पोरीचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नाही, ती इथे मैदानाच्या त्या टोकापासून कानडी-मराठीत ओरडत होती, "बिडू, बिडू! सोड, हिकडं दे!" आणि मुली तिचं ऐकून चेंडू सोडत होत्या. एकदा ती धडपडली, गुडघा खरचटला. मी अर्धा उठलो. ती माझ्याआधी उठून पळाली होती.

पाचला शिट्टी झाली. ती धापा टाकत समोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, नावाचं काय?"

"जा, जेवून घे," मी म्हणालो. "ऊन हाय तवर."

क्षणभर तिला कळलं नाही. मग ती वसतिगृहाकडे धावतच सुटली.

वसतिगृहात पाहुण्याला ताट मिळालं असतं. पण ज्या मुलांनी वेळ दिली, त्यांचा खेळ न बघता उठणं मला बरं वाटेना. नीट दिसेना झालं तरी मुलं खेळत होती, अंदाजाने, एकमेकांना हाका मारत. शेवटी संजय माझ्याकडे येऊन म्हणाला, आप्पा, आता घरी जावा, आम्हालाच बॉल दिसंना झालाय.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. वाटभर मी पद्माला काय सांगायचं ते जुळवत होतो. दार उघडताच तिने विचारलं, काढलं का नाव? मी नाही म्हणालो आणि झालं ते सगळं सांगितलं. ती उंबऱ्यातच उभी राहून ऐकत होती.

"पोरगी जेवली न्हवं?"

"जेवली."

"आणि तुम्ही?"

"ऱ्हायलं. पोरांचा खेळ बघत बसलो."

मी दिवस मावळायच्या आत येईन म्हणून झाकून ठेवलेलं माझं ताट तिने उचलून आत नेलं. भांड्यांचा आवाज थांबल्यावर आतूनच म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी बी येते. चारच्या आत पोचंल अशी बस बघा."