पहिला पेला

१७ एप्रिल २०१९ रोजी लावरेंती प्रोदानने किशिनावच्या इस्पितळात आठशे चाळीस लेई भरले आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसवून घेतल्या. आदल्या आठवड्यात त्यातली एक फुटून रक्ताची उलटी झाली होती. बायको झिनोविया तेव्हापासून त्याला एकटं सोडत नव्हती. तपासणीच्या खोलीतही ती शेजारीच बसली.

"दारू पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! शिवतसुद्धा नाही."

"आणि वाइन?"

"वाइन पितोच की. माणसानं काय नुसती भाकर गिळायची?"

"किती?"

"चारचौघं घेतात तेवढीच. रोज एक सुरई. सणाला दोन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लावरेंतीमामा, वाइन म्हणजे दारूच."

तो मनापासून चकित झाला. बत्तीस वर्षं त्याने लाकडी पिंपं बांधली, गळकी दुरुस्त केली. लोक निम्मी मजुरी वाइनमध्येच देत. ती त्याने कधी दारूत धरली नव्हती.

बाईंनी समजावून सांगितलं. यकृत कडक होऊन आक्रसलं होतं, म्हणजे सिऱ्होसिस. सहा महिने थेंबही घ्यायचा नाही. तेवढ्याने यकृत थोडं सावरलं तर उत्तमच. नाही सावरलं, तर नवं यकृत बसवण्याच्या यादीसाठी त्याचं नाव समितीपुढे जाईल. पण सतरा ऑक्टोबरच्या लघवीच्या तपासणीत दारूचा अंश सापडला, तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

"आणि तेवढे सहा महिने तुमच्याकडे असतीलच, याची खात्री मी देत नाही," बाई म्हणाल्या.

उन्हाळा त्याने येरझाऱ्या घालण्यात काढला. अंगाला खाज सुटे. पाणी उतरवणाऱ्या गोळीने आणि पोट साफ ठेवणाऱ्या गोड औषधाने तो सारखा अंगणातल्या संडासाकडे पळे. मीठ बंद, म्हणून मेंढीचं चीज बंद, लोणच्याची काकडी बंद. सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, झोपण्यापूर्वी वाटीभर लापशी खायची. एकदा शेजारणीने पिवळ्या फुलांचा काढा दिला. "आमच्याकडे काविळीला हाच देतात," म्हणाली. झिनोवियाने बाईंना फोन केला. "ओतून द्या!" बाई ओरडल्या. "तो यकृतावरच उलटतो." गावात मात्र दोघं पोटातल्या व्रणाचं नाव सांगत. सिऱ्होसिस म्हटलं की गाव एकच अर्थ काढतं: दारुडा.

चौदा ऑक्टोबरला गावच्या चर्चचा सण होता. तपासणीला तीन दिवस उरले होते. तळघरात द्राक्षांचा नवा रस फसफसत होता आणि त्याचा वास लाकडी जिन्यावरून थेट माजघरात येत होता. लावरेंती सकाळपासून सहा वेळा खाली जाऊन आला.

"काय विसरलायस तिथं?" झिनोविया म्हणाली. "बस की जरा! जमीन झिजेल."

"पाहुण्यांना खाली न्यावं लागेल. पहिला पेला कोण पिणार?"

तळघरात पेला एकच असतो. आधी घरधनी पितो, मग तोच पेला भरून पाहुण्याला देतो. त्याने प्यायल्याशिवाय दुसरा कोणी ओठ लावत नाही.

दुपारी सेराफिम आला. ऐंशी पार केलेला हा म्हातारा म्हणजे त्यांचा नानाश, लग्नात मेणबत्ती धरणारा धर्मबाप. मागे पाच-सहा शेजारी. सगळे तळघरात उतरले. लावरेंतीने पेला भरला आणि तसाच उभा राहिला.

"दे, मी पिते," झिनोविया म्हणाली.

"तू नंतर, पोरी. आधी घरधनी," सेराफिम म्हणाला.

"विष कालवलंय की काय रे?" मागून कोणीतरी विचारलं. सगळे हसले.

एका घोटाने काय बिघडतंय, असं त्याच्या मनात आलं. त्याने पेला ओठांपर्यंत नेला. मग तो तसाच पिंपावर ठेवला.

"नानाश, तो व्रण नाही. सिऱ्होसिस आहे. गुरुवारी तपासणी आहे. मला प्यायची नाही."

सेराफिमने टोपी उचलली.

"म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी मी दारुड्यासाठी मेणबत्ती धरली?"

"मी जे प्यायलो तेच तुम्ही सगळे प्यायलात, नानाश. मला बाधलं."

म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो जिना चढून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. कोबीच्या गुंडाळ्यांचं भांडं वर तसंच वाफाळत राहिलं. झिनोविया रडली नाही. तिने पेला धुऊन उपडा घातला.

गुरुवारी सकाळी सहाच्या मिनीबसला लावरेंती एकटाच आला. झिनोविया गाईच्या विण्यासाठी थांबली होती. सेराफिम आधीच पुढच्या बाकावर बसला होता. डोळे दाखवायला चाललोय, असं तो ड्रायव्हरला सांगत होता. लावरेंतीने पाचशेची नोट काढली.

"सकाळीसकाळी एवढी मोड कुठली आणू?" ड्रायव्हर कुरकुरला. "उतरा नाहीतर."

"दोघांचे घे," सेराफिमने मागे न बघता पैसे पुढे केले. "तुझ्या घरी मी येणार नाही, लावरेंती. पण तू तिथं पोच."

तपासणी स्वच्छ निघाली. यकृत मात्र फारसं सावरलेलं नव्हतं. त्याचे कागद समितीकडे गेले. बैठकीची तारीख अजून कळलेली नाही. सेराफिमही अजून त्याच्या घरी आलेला नाही. भाड्याचे बत्तीस लेई लावरेंती त्याला देणं लागतो.