चाचणी आईची झाली

पडद्यावर माझी आई होती आणि वर्ग हसत होता.

मोबाइलवर तिचं बोट अधांतरी थांबलेलं. जरा खाली यायचं, परत मागे जायचं. मग ती समोरच्या मुलीला विचारते, "चुकलं का ताई?" सादरीकरण करणाऱ्या आमच्या गटप्रमुख मुलीनं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा हसले.

क्लास सदाशिव पेठेतला. विषय यूएक्स रिसर्च. म्हणजे माणसं अ‍ॅप वापरताना कुठं अडतात ते बघायचं आणि त्यावरून नवा नमुना करायचा, प्रोटोटाइप. विश्रांतवाडीहून बस बदलत यायचे मी. काम जीव लावून शिकत होते.

सरांनी सुरुवातीलाच एक नियम आमच्याकडून घोटून घेतला होता. चाचणीला माणूस बसला, की आधी त्याला सांगायचं, "आम्ही अ‍ॅप तपासतोय, तुम्हाला नाही. तुमचं काही चुकूच शकत नाही." हे म्हटल्याशिवाय मोबाइल हातात द्यायचा नाही.

आमच्या गटाचं अ‍ॅप होतं घरकामाला बाई शोधण्याचं. चाचणीला कोण आणायचं यावर चर्चा चालली होती. गटप्रमुख माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझी आई धुणीभांडी करते ना? मग यूजर घरातच आहे की." मला लागलं. पण आईचं काम सोपं होणार असेल तर का नको, असं वाटलं.

आई कामावर सुट्टी टाकून आली. लग्नकार्याची साडी नेसून. नातेवाइकानं खोलीत थांबायचं नसतं, म्हणून मी बाहेर जिन्यात बसले. ती बाहेर आली ती मान खाली घालूनच. "मला नाही जमलं गं," एवढंच म्हणाली. बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

तिच्या आधी गटप्रमुखाची आत्या येऊन गेली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. तेव्हा टिपणं मीच घेत होते. त्यांना चहा झाला, 'आपण बसा' झालं, नियमाचं वाक्य सावकाश म्हणून झालं. त्याही त्याच बटणापाशी अडल्या. सर म्हणाले, बटण चुकीच्या जागी आहे, पुढच्या नमुन्यात बदला.

आता पडद्यावर आईच्या चित्राखाली लिहिलं होतं : वापरकर्ती अल्पशिक्षित, मोबाइलची भीती.

बटण तेच होतं.

मी उठले. क्लिप सुरुवातीपासून लावायला लावली. गटप्रमुखाचा आवाज आला, "मावशी, हा घे फोन. दाब बघू." बस. पुढचं काहीच नाही. ते वाक्य कुठं आहे, असं मी विचारलं.

"अगं, त्यांना काय कळणार होतं त्यातलं?" ती म्हणाली. रागानं नाही. अगदी सहज. तेच जास्त झोंबलं.

सर म्हणाले, घरगुती गोष्टी नंतर बघू, बसा. मी पुढे जाऊन सादरीकरणाचा लॅपटॉप मिटला. मी म्हणाले, "बसणार नाही. आधी क्लिप पुसा." सादरीकरण बंद पाडलं तर माझे गुण जातील, असं सरांनी बजावलं. जाऊ देत म्हटलं. तिथंच उभी राहिले. शेवटी गटप्रमुखानं क्लिप पुसली. "एवढं मनाला लावून घेणाऱ्यांनी या क्षेत्रात येऊ नये," सर म्हणाले. माझ्या बाजूनं एकही उठला नाही.

घरी आई मेथी निवडत होती. तिनं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "माझ्यामुळं तुझे मार्क गेले का?" तोवर आवरलेलं रडू तेव्हा आलं. ते वाक्य काय असतं, कशासाठी म्हणतात, ते मी तिला सांगितलं.

"मग तेवढं सांगायचं होतं की," ती म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"

तो दिवस तिच्या मनातून मला काढता येत नाही. नवा मोबाइल दिला तर अजून दोन्ही हात मागे घेते.

क्लास मी सोडलेला नाही. गटात मला कुणी घेत नाही, एकटीच प्रोटोटाइप करते. शेजारची खुर्ची रिकामी असते. असू दे. हे काम मी पुरतं शिकणार आहे, त्यांच्यापेक्षा चांगलं. माझ्या वस्तीतल्या माणसांकडे मीच जाणार, त्यांच्या दारात, त्यांच्या वेळेला. आणि त्या वेळी जो कुणी हसेल, तो माझा साहेब असला तरी त्याला आधी बाहेर काढणार. काम त्यानंतर.