जावेच्या घरचा फिशटँक

सासूबाई धाकट्या दिराकडे गाझियाबादला राहून आल्या की आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पुढे कित्येक दिवस माशांच्याच गोष्टी चालायच्या. कोणता मासा रुसतो, कोणता दुसऱ्याचं खाणं पळवतो, कोणता त्यांना बघून काचेशी येतो. माझी मुलगी कान देऊन ऐकायची. मी कणीक जरा जास्तच जोरात मळायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिराने सरकारी नोकरी सोडली आणि एका परदेशी कंपनीत लागला. आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. दोन-तीन वर्षांत त्याने यमुनेपलीकडे नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. लिफ्ट, मोठी बाल्कनी, आणि हॉलमध्ये भिंतीशी फिशटँक. फ्लॅटचं मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण ते मी गिळलं. फिशटँकचं गिळता येईना. लग्न झाल्यापासून सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांची पथ्यं, त्यांचे उपास, त्यांची दाढदुखी, सगळं मी केलं. आमच्याकडे त्यांना दुपार खायला उठायची, आणि तिकडे त्या काचेपुढे बसल्या की म्हणे दिवस कसा जातो कळत नाही.

एका हिवाळ्यात जावेचा फोन आला. त्यांनी नवा, मोठा टँक घेतला होता. जुना आम्हाला हवा आहे का, आईंना आवडतो म्हणून विचारतेय, असं ती म्हणाली. जागा नाही हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण सासूबाई समोरच बसल्या होत्या, मान वर करून. आणि माझ्या मनात आलं, मासे इथे आले तर यांचं तिकडचं राहणं कमी होईल. मी पाठवून द्या म्हटलं.

रविवारी टेम्पोतून टँक आला. दीर आणि माझे यजमान यांनी तो जिना चढवून बाल्कनीत ठेवला. दीर गेला, ऊन पुढच्या काचेवर आलं, आणि मला दिसलं की काच बाहेरून ओरखड्यांनी भरली आहे. बारीक, गोल गोल, पातेलं घासावं तसे. मुलीने विचारलं, ओरखडे म्हणजे स्क्रॅचेस ना. मी म्हटलं, हो, आणि ते आपल्या वाट्याला आलेत. चकचकीत त्यांना, खरवडलेलं आम्हाला. यजमान म्हणाले, अगं काच आहे, बघू काहीतरी.

त्यांनी आधी टूथपेस्टने घासून पाहिलं. बाल्कनीत पुदिन्याचा वास सुटला, ओरखडे होते तिथेच राहिले. मग त्यांच्या ऑफिसात मासे पाळणारे एकजण होते, त्यांनी सांगितलं की ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर नाद सोडा, नाही अडकलं तर काच पॉलिश करायची पावडर आणा. नख अडकलं नाही. यजमानांनी काचेच्या दुकानातून गुलाबीसर पावडर आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा आणला.

घासायचं काम मी माझ्याकडे घेतलं. जावेने टाकून दिलेल्या वस्तूचं मी काय करून दाखवते, ते तिला दिसायला हवं होतं. रिकामा, कोरडा टँक आम्ही सतरंजीवर आडवा केला, ओरखड्यांची बाजू वर. पावडर पाण्यात कालवून तिची पेस्ट करायची, नमद्याला लावायची आणि हलक्या हाताने फिरवत राहायचं. पेस्ट सुकू द्यायची नाही, एका जागी रेंगाळायचं नाही. मधूनच पुसून बघायचं. पहिल्या दुपारी खांदा भरून आला, पण एक कोपरा स्वच्छ झाला.

दुसऱ्या दुपारी सासूबाई शेजारी उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. बराच वेळ माझा हात बघत होत्या. मग म्हणाल्या, "ते ओरखडे माझे आहेत."

काचेवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडले होते. जाऊ ऑफिसला गेली असताना सासूबाईंनी तारेची घासणी घेतली आणि डागांबरोबर काचही घासून काढली. संध्याकाळी जाऊ आली, तिने पाहिलं.

"एक शब्द बोलली नाही. मला चहा करून दिला," सासूबाई म्हणाल्या. दोन-चार शेंगा सोलून झाल्यावर पुढे म्हणाल्या, "तू असतीस तर बोलली असतीस."

त्यात राग नव्हता. आज गारठा आहे म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. मी मान वर केली नाही. लिफ्टचा, बाल्कनीचा हेवा मला ओळखीचा झाला होता. आता जावेच्या न बोलण्याचाही वाटायला लागला, आणि तो सगळ्यांत वाईट होता. मी घासत राहिले, एकाच जागी. भानावर आले तेव्हा ओरखडे गेले होते, पण तेवढ्या जागी काच किंचित खोलगट झाली होती. तिरकं पाहिलं की पलीकडचे कठड्याचे गज वाकडे दिसत.

टँक भरला, मासे आले. मासा त्या जागेमागून गेला की क्षणभर वाकडातिकडा व्हायचा. सासूबाई आणि मुलगी त्याला हसायच्या.

पुढे जाऊ आणि दीर जेवायला आले. जावेने काचेवरून बोट फिरवलं.

"ताई, कसे घालवलेत? आईंना ते रोज दिसायचे आणि त्या खजील व्हायच्या. म्हणून तर मी नवा आणला."

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. मी पोळ्या लाटायला आत गेले. हेही तिलाच सुचावं, असं मला वाटत राहिलं. रात्री यजमान म्हणाले, चांगली मुलगी आहे. मी दिवा मालवला.

वर्षभराने सासूबाईंचे गुडघे गेले. आमचा जिना त्यांना चढवेना, आणि त्या गाझियाबादला गेल्या, कायमच्या. टँक माझ्याकडे राहिला. जावेच्या घरून त्यांचा फोन आला की त्या आधी माशांची चौकशी करत. मी सविस्तर सांगायची. मासे दिवसभर फिरायचे आणि खायचे, दुसरं काही नाही. पण फोन लवकर ठेवला जाऊ नये म्हणून मी त्यांची भांडणं रचायची, रुसवे रचायची. पलीकडे मागून जाऊ त्यांना जेवायला हाक मारायची, आणि सासूबाई तिला म्हणायच्या, थांब गं जरा.