मिसळणाच्या डब्यातली वजनं

फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. एडिनबराहून डॉक्टर मिलिंदचा फोन. "राजा गेला," एवढंच म्हणाला आणि पुढचं त्याला बोलवेना. कसा गेला, कुठे गेला, काय बरळतोयस, मी नुसता ओरडत सुटलो. शेवटी म्हणाला, स्नोमोबाइलचा क्लच फुटला, तुकडा मांडीत घुसला, रक्त थांबेना. मी हातातलं गाळणं भिंतीवर फेकून मारलं. बायको धावत आली. मला दुःख नंतर झालं, आधी संताप आला. राजाच्या हातचा क्लच फुटतो? दुसरं काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. दरीत पडला, बर्फाखाली गाडला गेला, काहीही. पण क्लच?

राजेंद्र, आमचा राजा, नागपूरचा. मी मिरजेचा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या गिअरबॉक्सची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत आम्ही एकत्र आलो, आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं माझा दात पाडला. टेस्ट बेंचवर रबरी बेल्ट फुल स्पीडनं फिरत होता, जाळी काढलेली होती, आणि मी शहाणा बेल्ट किती तापलाय ते बघायला हात पुढे नेत होतो. बाजूनं कुणीतरी रेड्यासारखा अंगावर आला. माझा जबडा बेंचच्या कडेवर आपटला, तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा. मी उठून त्याची गचांडी धरली. त्यानं सोडवूनसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "दात नवा बसवता येते बे. हात नाही येत." मॅनेजरनं विचारलं तेव्हा मी पाय घसरला म्हणून सांगितलं. संध्याकाळी हा बाबा घरी हजर, बायकोला घेऊन, वर माझ्यासाठी मऊ खिचडी. तेव्हापासून सुजातावहिनी मला भाऊजी म्हणतात, आणि राजाचा नि माझा दोस्ताना जमला तो भांडत भांडतच.

त्याचं वेड स्नोमोबाइलचं. बर्फावर चालणारी मोटारसायकल समजा, पुढे दोन स्की, मागे चाकाऐवजी रुंद ट्रॅक. तिचा सगळा जीव क्लचमध्ये. दोन तिरप्या तबकड्या, त्यांच्यामध्ये बेल्ट, आणि आत छोटी लोखंडी वजनं. इंजिन फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्यांना ढकलतात, बेल्ट आवळला जातो आणि गाडी पळते. उंचावर हवा विरळ, इंजिनाला दम लागतो, तिथे जड वजनं पेलत नाहीत. म्हणून डोंगरावर हलकी घालायची. खाली उतरलं की परत जड. कंटाळा करून हलकीच ठेवली तर खालच्या दाट हवेत इंजिन मोकाट सुटतं, बेल्ट घसरतो, जळतो, आणि मग एखाद्या क्षणी सगळं फुटून बाहेर येतं. असं फुटलेलं मी एकदा पाहिलंय. जाडजूड कव्हर पत्र्याच्या डब्यासारखं फाटलं होतं. राजा सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचा, मशीन माणसाला मारत नाही, हयगय मारते. इतक्या वेळा सांगायचा की आम्ही त्याच्या आधी म्हणून टाकायचो, आणि मग त्याच्या शिव्या खायचो.

ही वजनं तो ठेवायचा मिसळणाच्या डब्यात. वहिनींना लग्नात आईनं दिलेला स्टीलचा डबा, आत वाट्या. मोहरीच्या वाटीत डोंगराची हलकी वजनं, हळदीच्या वाटीत खालची जड, जिऱ्याच्या वाटीत त्यांच्या पिना, बाकीच्यांत स्प्रिंगा आणि वॉशर. वहिनी एकदा सुट्टीत नागपूरला गेल्या तेव्हा यानं डबा ढापला. परत आल्यावर फोडणी द्यायला डबा शोधतात तर तो गॅरेजमध्ये, ग्रीसनं माखलेला. त्या दिवशी त्या घरात जे रण पेटलं ते शेजारच्या पंजाबी काकूंनी बागेत उभं राहून ऐकलं. डबा काही परत मिळाला नाही. वहिनींनी नवा आणला, आणि जुन्यातल्या वजनांना कायम हळदीचा वास येत राहिला.

मिलिंद आमच्यातला तिसरा. पुण्याचा, एडिनबराला हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, आणि स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या स्वयंसेवकांच्या टीमचा डॉक्टर. स्नोमोबाइल त्याची, ट्यूनिंग राजाचं. एका वर्षी आम्ही तिघं ती ट्रेलरवर घालून आल्प्सला घेऊन गेलो. पहिल्याच चढावर जळक्या रबराचा वास, धाड असा आवाज, आणि बेल्टच्या चिंध्या बर्फावर. राजानं साइड पॅनल उघडलं तर तबकडीवर लाल. आधी त्याला वाटलं मिलिंदला लागलं. मग त्यानं बोट लावून बघितलं. कुंकू! आमच्या डॉक्टरसाहेबांनी खंडेनवमीला मशीनची पूजा केली होती, आणि भक्तिभावानं कव्हर काढून थेट क्लचच्या तबकडीवर तेलात कालवलेलं हळदकुंकू लावलं होतं. बेल्ट त्या तेलावर घसरत घसरत तापला होता. राजानं मिलिंदला जॅकेटला धरून व्हॅनवर आपटला. दोनदा. "देव्हारा आहे काय बे हा? डॉक्टर आहेस ना तू? पोटात टाके घालताना आत कुंकू लावतेस काय?" मी मध्ये पडलो तर मलाही एक कोपर बसलं. दसऱ्याला स्वतः राजा पांढरा शर्ट घालून बायको-मुलीबरोबर विहारात जायचा, वंदना म्हणायचा, आणि आमच्या पूजेअर्चेवर एरवी कधी चकार शब्द काढायचा नाही. पण क्लचला बोट लावायचं नाही. पुढच्या दसऱ्यापासून मिलिंद ट्रेलरच्या हुकाला कुंकू लावून त्याचा फोटो पाठवायचा, आणि राजा उलटा अंगठा पाठवायचा... दोघांचं असं होतं.

आणि हाच माणूस क्लच फुटून गेला. यंदाही दोघं आल्प्सला जाऊन परत आले होते, माझ्या गुडघ्यामुळे मी गेलो नव्हतो. येताना राजा मशीन पोचवायला मिलिंदबरोबर स्कॉटलंडला गेला आणि तिथेच टीमचा कॉल आला. बर्फात एक बाई पडली होती, पाय मोडलेला. टीमचं स्वतःचं मशीन दुसऱ्या डोंगरावर. हे दोघं निघाले.

कॉव्हेंट्रीच्या क्रेमेटोरियमबाहेर, वंदना संपून लोक पांगत असताना, आमच्या जुन्या कंपनीतला एक जण सिगरेट ओढत कुणाला तरी सांगत होता, स्वतःच सेट करायचा, स्वतःच विसरला, ओव्हरकॉन्फिडन्स. मी त्याची टाय पकडून त्याला गाडीच्या बॉनेटवर उलटा पाडला. चौघांनी मला ओढून काढलं. साठी उलटलेला माणूस मी, पण त्या दिवशी मी त्याचा गळाच दाबला असता. वाईट हे की वहिनींनी त्याचं बोलणं ऐकलं होतं. शेजारी त्यांची मुलगी प्रज्ञा उभी होती, तिनंही. वहिनी माझ्याजवळ आल्या, माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "भाऊजी, मला एकच सांगा. ह्यांच्या हातून चूक झाली का?"

मी म्हणालो, बघतो. आणि मनातून मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं. मिलिंदनं परत काही लावलं असेल, स्वस्तातला बेल्ट घातला असेल, काहीतरी. राजाची व्हॅन परत आली तशी मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. फुटलेलं मशीन पोलिसांकडे होतं, पण डबा व्हॅनमध्येच होता. त्यावरून क्लचच्या आत काय होतं ते मला कळणार होतं. झाकण उघडलं. हळदीच्या वाटीत जड वजनं, पुसून, ओळीनं ठेवलेली. मोहरीची वाटी रिकामी.

म्हणजे डोंगराची हलकी वजनं आत होती. खाली, स्कॉटलंडच्या दाट हवेत, ओल्या जड बर्फात, मागे जखमीला आणायची स्लेज, म्हणजे घसरगाडी, ओढताना. मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो आणि राजाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. गाढवा, जन्मभर लोकांच्या गचांड्या धरल्यास आणि शेवटी तू हे विसरलास? मला रडू आवरेना. ते रडू त्याच्या विसरण्याचं नव्हतं, हे वहिनींना कोणत्या तोंडानं सांगायचं त्याचं होतं.

सांगण्याआधी मी मिलिंदला फोन लावला. बरीच आगपाखड केली, तू शेजारी होतास, तुला कळलं नाही का. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तो विसरला नव्हता रे." आणि त्यानं सांगितलं. गाडीतळावर मशीन उतरवतानाच राजानं व्हॅनमधला डबा हातात घेतला होता. वजनं बदलायची तर क्लच उतरवायचा, गारठलेल्या बोटांनी, वारा असा की पाना हातात टिकत नव्हता. अर्धा तास तरी गेला असता. राजानं डबा परत ठेवून दिला. मिलिंद म्हणाला, अरे बदल, घाई नको. त्यावर राजा त्याच्यावर खेकसला, "तिकडे बाई गारठून राहिली, अन् मी इथं पाने घेऊन बसू काय बे? फुटला तर फुटला. तू माझ्यामागं नको बसू, स्लेजवर बस." क्लच डाव्या बाजूला असतो. मिलिंद मागे सीटवर असता तर त्याचा पायही तिथेच असता. चढाच्या शेवटच्या टप्प्यावर इंजिन किंचाळायला लागलं, राजानं थ्रॉटल सोडला नाही, आणि फुटला. मिलिंद म्हणाला, माझे दोन्ही हात त्याच्या मांडीत होते रे, मनगटापर्यंत. टीमची माणसं पायी मागून येत होती, ती त्या बाईपर्यंत पोचली. मग हे वहिनींना का नाही सांगितलंस, मी विचारलं. तो म्हणाला, त्या विचारतील ना, तू त्याला का जाऊ दिलंस.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना गॅरेजमध्येच सांगितलं. खरं म्हणजे मी खुशीत होतो. चूक नव्हती हो, वहिनी, विसरला नव्हता तो, सगळं ठाऊक असून गेला. मला वाटलं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्यांनी सगळं ऐकलं. डब्यावर हात ठेवून उभ्या होत्या. एकाएकी त्यांनी तो उचलला आणि समोरच्या भिंतीवर असा आदळला की शेल्फवरचे रंगाचे डबे खाली आले. स्प्रिंगा उडाल्या, वजनं फरशीवर सैरावैरा पळाली. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"चुकून गेले असते तर मी माफ केलं असतं, भाऊजी. माणूस चुकते. ठाऊक असून गेले? माझा विचार नाही आला? पोरीचा नाही आला?"

प्रज्ञा दारात आली होती, ती जागची हलली नाही. फरशीवर एक वॉशर गोल फिरत फिरत शांत झाला. मग हळू आवाजात वहिनींनी विचारलं, "ती बाई जगली का?"

"जगली."

त्या खाली बसल्या. पदर नव्हता, स्वेटरच्या बाहीनंच तोंड पुसलं, आणि एक एक वजन उचलायला लागल्या. मी मदतीला वाकलो, पण त्यांना मदत नकोच होती. कुठलं वजन कुठल्या वाटीत जातं ते त्यांना पाठ होतं. इतकी वर्षं त्या डब्यावरून भांडलेली बाई, न बघता नुसत्या बोटांनी वाटी शोधत होती. जड वजनं हळदीच्या वाटीत, पिना जिऱ्याच्या. मोहरीची वाटी त्यांनी उलटी करून झटकली, फुंकर मारली, आणि रिकामीच परत तिच्या जागी बसवली.

मिलिंद मागच्या आठवड्यात येऊन गेला. वहिनींनी त्याला जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. बोलतील. डबा आता गॅरेजमध्ये नाही. स्वयंपाकघरात, ओट्यावर, रोजच्या मिसळणाच्या डब्याला चिकटून ठेवलाय. एका अंगानं चेपलाय, झाकण धड बसत नाही. परवा मी गेलो होतो तेव्हा वहिनी पोहे परतत होत्या, आणि माझ्यातला मेकॅनिक गप्प बसेना. म्हटलं लाकडी हातोडीनं दोन ठोके दिले की पोचा निघेल, आणि डबा ओढून घ्यायला हात पुढे केला. वहिनींनी उलथन्यानं माझ्या हातावर फटका मारला. गरम उलथनं, चांगला सणसणीत.

"हात नका लावू," म्हणाल्या, आणि पोहे परतत राहिल्या.

मी हात मागे घेतला.